भोईर सरांचा फ्लेक्स

भोईर सर गाडी शिकवायला लागले की पहिले दोन दिवस गाडीत बसूच देत नसत. पायी फिरवत. मी त्यांच्याकडे गेले तेव्हा एक्कावन्न वर्षांची होते. आमच्या ह्यांच्या डोळ्यांना रात्रीचं नीट दिसेनासं झालं होतं, गाडी दारात धूळ खात होती, आणि मुलगी बंगलोरला. तेव्हा डोंबिवलीहून कोलशेतला राहायला येऊन आम्हाला वर्ष झालं होतं.

"पयले दोन दिवस चालायचं," सर म्हणाले.

"चालायला येतं मला सर. एवढं आयुष्य तेच करतेय."

"चालता हो. पन बघता कुठं?"

मला राग आला. बँकेत पंचवीस वर्षं लोकांच्या चुका काढण्यात गेलेली बाई मी, आणि हा बुटका, काळासावळा, पांढऱ्या फुलशर्टातला माणूस मला बघायला शिकवणार. पण फी भरून झाली होती, म्हणून गेले. खाडीच्या बाजूपासून मेन रोडपर्यंत आम्ही चालत आलो आणि वाटेत लागलेली प्रत्येक पाटी सरांनी मला मोठ्याने वाचायला लावली. येणारे-जाणारे बघत होते. सोसायटीतल्या दोघी तर थांबून हसल्या.

"गोल पाटी हुकूम देते," सर सांगत होते. "तिकोनी सावध करते. चौकोनी नुसती माहिती देते. हुकूम मोडला तर गुन्हा, सावधगिरी मोडली तर हाड, आणि माहिती नाय वाचली तर पेट्रोल." हे वाक्य ते प्रत्येक विद्यार्थ्याला ऐकवत असणार, पण दरवेळी नुकतंच सुचल्यासारखं म्हणायचे आणि स्वतःच मान डोलवायचे.

सर मूळचे कोलशेत गावातले. आईवडील मिठागरात राबलेले, पुढे थोडी जमीन होती ती इमारतींखाली गेली. भावांनी त्या पैशांतून बंगले बांधले, सरांनी दोन जुन्या गाड्या घेऊन मोटार ड्रायव्हिंग स्कूल काढलं. भाऊ त्यांना वेडा म्हणत. धंदा म्हणूनही त्यांचं जरा अवघडच होतं. बाकीच्या स्कूलवाल्यांकडे शिकाऊ लायसनच्या परीक्षेची उत्तरं घोकून घेत, कितवं बटण दाबायचं तेवढं सांगत. सरांकडे तसं मागायला कोणी आलं, की ते त्याला दुसऱ्या स्कूलचा रस्ता दाखवत. अगदी खाणाखुणांसकट, वाटेतल्या पाट्यांसकट.

त्यांच्या शिकवणीच्या गाडीच्या डिकीत एक कोयता असे, वर्तमानपत्रात गुंडाळलेला, आणि पाण्याची बाटली व फडकं. पाटीवर फांदी आली की सर गाडी कडेला घेत, उतरत, फांदी छाटत आणि पुसून घेत. एकदा नाकाबंदीत हवालदाराने डिकी उघडायला लावली. कोयता बघून तो दोन पावलं मागेच सरकला. सर शांतपणे त्याला घेऊन समोरच्या 'पुढे शाळा आहे'च्या पाटीपाशी गेले. बदामाच्या पानांत ती अर्धी बुडाली होती. पाच मिनिटांत मोकळी झाली. हवालदाराने कोयता स्वतः गुंडाळून परत दिला, पण वर "सर, सुरी वापरा ना" असंही म्हणाला. शिकाऊ पाटी लावलेल्या गाडीत मी स्टिअरिंगमागे जीव मुठीत धरून बसले होते.

पाटी कशी असावी याबद्दल सर फार कडक होते. उंची किती, खांब रस्त्यापासून किती लांब, रात्री दिव्यात चमकते का, वळणाच्या किती आधी. एकदा नव्या रस्त्यावर ठेकेदाराच्या माणसांनी 'रस्ता द्या'ची पाटी बसवली. ती तिकोनी असते, पण टोक खाली. माणसांना वाटलं, छापताना उलटी झाली, म्हणून त्यांनी सरळ करून लावली, टोक वर. आणि ते मोठ्या समाधानाने चहा प्यायला बसले होते. सर त्यांच्याजवळ गेले. मला वाटलं, आता झाडतात. पण सर त्यांच्यासोबत चहा प्यायले आणि मग म्हणाले, "बाला, ही उलटीच असते. धुळीनं भरली, रंग उडाला, तरी नुसत्या आकारावरनं कळावं की दुसऱ्याला जाऊ द्यायचं. जगात उलटी अशी ही एकच." माणसं पुन्हा शिडीवर चढली. त्यांतला एक उतरून आल्यावर खाली उभा राहून बराच वेळ तिच्याकडे बघत होता.

नवरात्रात सर आपल्या विद्यार्थ्यांना ठाण्याच्या टेंभी नाक्याला नेत. देवीच्या दर्शनाला असं आम्हाला वाटलं होतं. दर्शन झालं, पण त्याआधी तासभर आम्ही चौकाच्या कडेला उभे होतो. गर्दीमुळे रस्ते वळवलेले, जागोजागी लोखंडी जाळ्या आणि हातानं लिहिलेले फलक. कायमची पाटी म्हणे डावीकडे जा, फलक म्हणे जाऊ नका, आणि मधे उभा असलेला पोलीस तिसरीकडेच हात करत होता.

"आता कोनाचं ऐकनार?" सरांनी विचारलं.

आमच्यातली एक कॉलेजची मुलगी म्हणाली, "सर, मी तर गूगलचं ऐकीन."

सर हसले नाहीत. "पोलिसाचा हात सगल्यांच्या वर. मग फलक, मग पाटी. आनि कोनीच नसेल तवा तू. तू पन हाय ना तिथं? पाटी दिसली नाय म्हनून तुझी जबाबदारी जात नाय. लायसन तुझ्या पर्समधी असतं, खांबाच्या नसतं." पोरीने मान हलवली. मला मात्र हे जरा जाचकच वाटलं. जी पाटी नाहीच, तिचा हिशोब माणसाने कसा द्यायचा? मी तसं बोललेही. सर म्हणाले, "मॅडम, पाटी लावायची जबाबदारी सरकारची. माणूस न मारायची आपली. दोन येगल्या गोष्टी हाएत."

गावातून मेन रोडला येणारा एक अरुंद रस्ता आहे. त्यावर दोन्ही बाजूंनी गाड्या येत आणि रोज भांडणं. त्या रस्त्याच्या तोंडाशी हिराबाई मासळी विकायला बसे. सर आणि ती एका आळीतले, लहानपणी दोघांचे आईबाप एकाच मिठागरात कामाला. सर तिला 'हिरे' म्हणत आणि ती सरांना 'दत्या'. इतर कोणी सरांना दत्या म्हटल्याचं मी ऐकलं नाही. हिराबाई रस्ता ओलांडायची ती कुठेही न बघता. डोक्यावर टोपली, तोंडात कोणाला तरी शिवी, आणि थेट पलीकडे. तिच्यापायी सरांनी दोन वर्षं अर्ज केले, साहेबांकडे खेपा घातल्या, सह्या जमवल्या आणि तो रस्ता एकेरी करून घेतला. मेन रोडच्या तोंडाशी 'प्रवेश बंद'ची लाल गोल पाटी बसली. उंची, आकार, चमक, सगळं नियमाबरहुकूम. ती बसवली त्या दिवशी सर हिराबाईला म्हणाले, "आता गाडी यील ती गावाकडनंच. एकाच बाजूला बघलंस तरी पुरं."

"अजून यक काम लावलंस मना," हिराबाई म्हणाली. पण ती बघायला लागली. मी स्वतः पाहिलंय, टोपली उचलायच्या आधी ती गावाकडे मान वळवायची.

सरांना एकसष्ट वर्षं पूर्ण झाली त्या आठवड्यात त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांनी फ्लेक्स लावला. आमच्याकडे वाढदिवस फ्लेक्सशिवाय होत नाही. नगरसेवकापासून जिमवाल्यापर्यंत सगळे चौकात हात जोडून उभे असतात. पुढाकार हिराबाईच्या मनोजचा होता. सरांनी त्याला फुकट शिकवून लायसन मिळवून दिलं होतं आणि आता तो एका कंपनीची बस चालवत होता. फ्लेक्सवर सर शाल पांघरून, हात जोडून, आणि खाली 'कोलशेतचे भूषण'. सरांनी आधी कपाळाला हात लावला. मग त्या आठवड्यात आमची शिकवणीची फेरी रोज त्याच कोपऱ्यावरून जाऊ लागली.

"ह्या शालीनं मी जाडा दिसतो," ते म्हणत.

"छान दिसता सर."

"नाय, जाडाच दिसतो." आणि पुढच्या वळणापर्यंत ते आरशातून मागे बघत.

तो फ्लेक्स 'प्रवेश बंद'च्या खांबालाच बांधला होता. कोपऱ्यावर तोच सगळ्यात सोयीचा खांब. आणि लाल गोल पाटी सरांच्या शालीच्या मागे पुरती झाकली गेली होती. हे आम्हाला कोणालाच दिसलं नाही. सरांनासुद्धा नाही. त्या रस्त्याने रोज जाणाऱ्याला तो एकेरी आहे हे पाठ होतं, मग पाटी कोण बघतंय. नवख्या माणसासाठी पाटी असते, आणि नवखा माणूस चौथ्या दिवशी सकाळी आला.

कल्याणचा टेम्पोवाला होता. फर्निचर पोचवायला आला होता, मेन रोडवरून आत वळला. वेग फारसा नव्हता, असं सगळेच सांगतात. हिराबाईने गावाकडे बघितलं, टोपली उचलली आणि पाऊल टाकलं. टेम्पो तिच्या पाठीकडून आला. टेम्पोवाला पळाला नाही. त्यानेच तिला टेम्पोत घातलं, आळीतल्या दोन बायका सोबत बसल्या आणि तो हॉस्पिटलकडे गेला. ती वाटेतच गेली.

सर आणि मी शिकवणीच्या गाडीतून तिथे पोचलो तेव्हा टेम्पो नुकताच गेला होता. रस्त्यावर बोंबील आणि मांदेली पसरली होती, आणि रक्त. मनोज घरून धावत आला होता. तो रक्ताकडे बघत उभा राहिला, मग त्याने वर खांबाकडे बघितलं. चहाच्या टपरीचं बाकडं ओढून तो त्यावर चढला आणि फ्लेक्सच्या दोऱ्या तोडू लागला. हाताने तुटेनात म्हणून दाताने तोडल्या. सरांचा चेहरा अर्धा दुमडून खाली आला. मनोजने फ्लेक्स गुंडाळला आणि तो काखेत मारून गावाकडे पळत गेला. गर्दी रक्ताभोवती होती. त्याच्याकडे बघत होतो ते फक्त सर आणि मी.

पोलीस आले तेव्हा पाटी लख्ख दिसत होती. पंचनाम्यात तसंच आलं. "एवढी ढळढळीत पाटी असून आत घुसला," असं म्हणत लोक टेम्पोवाल्याला शोधत होते. तो हॉस्पिटलातून स्वतःच चौकीवर गेला म्हणून वाचला.

हिराबाईला पोचवून आल्यावर दुसऱ्या दिवशी सरांचा फोन आला. "मॅडम, जरा येता का? गाडी तुमी चालवा. माजे हात नाय चालत." मी गेले. ते शेजारच्या सीटवर, पायाखाली शिकवणीचे जादा ब्रेक. फक्त चौकीच्या वळणावर म्हणाले, "इंडिकेटर."

मी बाकड्यावर बसले होते, सगळं ऐकू येत होतं. समोरचा अंमलदार सरांना ओळखत होता. सर म्हणाले, "पाटी झाकलेली व्हती. माझ्या फ्लेक्सनं. तो फ्लेक्स मीच बांधायला सांगितला आनि मीच काढला, पंचनाम्याच्या आधी. असं लिहा."

अंमलदाराने पेन खाली ठेवलं. "सर, कशाला हे? मयत तुमच्या गावची. ड्रायव्हर बाहेरचा. सरळ केस आहे."

"सरल नाय. त्याला पाटी दिसूच शकत नव्हती, हे लिहा. आनि दुसरं पन लिहा. पाटी नसली तरी त्याला समजायला पायजे व्हतं. रस्त्याच्या कडेला लागलेल्या सगल्या गाड्यांची तोंडं त्याच्याकडं व्हती. दोन्ही लिहा."

"दोन्ही कसं लिहू? एक तर त्याची चूक, नाहीतर तुमची."

"दोगांची," सर म्हणाले.

बऱ्याच वेळाने लिहून झालं. सरांनी सही केली. परतताना मी गाडी सुरू केली, पण चालवता येईना. मी म्हटलं, "सर, फ्लेक्स तुम्ही काढला नव्हता. बांधायलाही सांगितला नव्हता."

"मी चार दिवस बघत व्हतो ना त्याच्याकडं," ते म्हणाले. "मी माझा फोटो बघत व्हतो. तिच्यासाठी दोन वर्षं भांडून लावलेली पाटी, आनि मी शाल बघत व्हतो." मग ते रडले. मोठा माणूस रडतो तसा नाही, लहान मुलासारखे हुंदके देऊन. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

सरांवर गुन्हा दाखल झाला. टेम्पोवाल्याला जामीन मिळाला आणि केस सुरू आहे. मला कोणी काही विचारलं नाही. गावात मात्र सरांचं नाव बुडालं. हिराच्या मरणाला दत्या कारण, आणि वर परक्या ड्रायव्हरला सोडवून आला, असं बायका नळावर बोलत. भावांनी बोलणं टाकलं. सरांनी ड्रायव्हिंग स्कूलच्या बोर्डावर स्वतःच चुना फासला आणि दोन्ही गाड्या विकल्या. मी पुढचं दुसऱ्या स्कूलमध्ये शिकले. तिथे पहिल्याच दिवशी एका नव्या पोराला शिकाऊ परीक्षेत कितवं बटण दाबायचं ते सांगताना ऐकलं.

मधे एकदा तो टेम्पोवाला सरांकडे आला होता. हे मला वहिनींनी, म्हणजे सरांच्या बायकोने सांगितलं. तो सरांच्या पाया पडायला वाकला. सरांनी पाय मागे घेतले आणि विचारलं, "पाटी नव्हती. पन समोरनं सगल्या गाड्यांची तोंडं दिसली नाय तुला?"

तो सरळ उभा राहिला. मग म्हणाला, "दिसली होती सर. वळल्यावर लगेच कळलं. म्हटलं, थोडंसंच तर जायचंय."

"हे कोर्टात सांगशील?"

त्याने मान खाली घातली. दोन लहान मुली आहेत म्हणाला, आणि निघून गेला. वहिनी म्हणाल्या, त्या दिवशी सर जेवले नाहीत. कोणाच्या जबाबाने कोण सुटलं, याचा विचार करत असतील. मला विचाराल तर त्या माणसाची मला दयाही येते आणि संतापही येतो, आणि दोन्ही एकाच वेळी.

लायसन हातात आलं तेव्हा मी पेढे घेऊन सरांकडे गेले. संध्याकाळ होती. सर ओट्यावर बसले होते, फार वाळले होते. त्यांनी माझं लायसन हातात घेऊन नीट वाचलं, पाठीमागची बाजूसुद्धा, आणि परत दिलं. पेढ्याचा लहानसा तुकडा तोंडात टाकला. तेवढ्यात मनोज आला. वहिनी म्हणाल्या, तो रोज येतो, बसतो, चहा पितो, बोलत मात्र नाही. त्या दिवशी तो माझ्यासमोरच बोलला.

"सर, मना नाय सोसत. मी चौकीवर जाऊन सांगतू."

"काय सांगशील?"

"फ्लेक्स मी बांधला. मी काडला. आयेला मीच..."

सरांनी त्याला जवळ बसवून घेतलं. "तुजे बापसाला म्हाईत हाय?"

मनोजने मान हलवली. नाही.

"तुजे बापसाची बायको गेली," सर हळू म्हणाले. "आता पोरगा पन न्यायचा हाय का त्याचा?"

मनोज ओट्याच्या कडेला डोकं टेकून बसला. मी उठून जावं की थांबावं, हे मला कळेना. इतक्यात गेटचा आवाज झाला. वहिनी चटकन आत गेल्या. हिराबाईचा नवरा, काशिनाथ, गेटाच्या गजांना धरून उभा होता. मोतीबिंदूने त्याला जवळचंसुद्धा धड दिसत नव्हतं. आपला मुलगा तिथे बसलाय हेही त्याला कळलं नसावं. तो रोज याच वेळी येत असे, हे मला नंतर समजलं.

"दत्या," तो म्हणाला, "माजी बायको खाल्लीस. तुजा फोटो लावायला माजी बायको खाल्लीस." मग त्याने शिव्या दिल्या. सावकाश, एकेक, विसरायला नको म्हणून पाठ केल्यासारख्या. सर उभे राहिले. हात खाली सोडून, मान वाकवून ते सगळं ऐकत राहिले. मनोज उठला, तोंड उघडलं, तेव्हा सरांनी न बघताच त्याचा दंड धरला आणि घट्ट धरून ठेवला. म्हाताऱ्याचा दम संपेपर्यंत धरून ठेवला.

काशिनाथ गप्प झाला. गेटाच्या गजावर कपाळ टेकून धापा टाकू लागला.

सरांनी मनोजचा दंड सोडला. "जा," ते म्हणाले. "त्याला घरी ने. रस्त्याला हात नको सोडू त्याचा."

मनोज खाली उतरला, गेट उघडलं, बापाचा हात धरला. काशिनाथने हात चाचपून बघितला आणि विचारलं, "कोन, मनोज? तू कंला आलास या हरामखोराकडं?"

"तुमाला न्यायला, बाबा," मनोज म्हणाला.